चटई, टेबल आणि सरासरी

काजूच्या कारखान्यात काजू कधी साठत नाही. तो डब्यात जातो, डबा ट्रकात जातो आणि ट्रक घाट उतरून गोव्याला जातो. मागं साठतं ते टरफल. रामनगरच्या आमच्या कारखान्यात मी कारकून म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त होताना बघितलं, तर माझ्याजवळ साठलेले फक्त किस्से. टरफल निदान बॉयलरला जळण म्हणून चालतं. किस्स्यांना गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच!

तर ऐका. हे सगळे एकाच गोष्टीभोवतीचे आहेत. आमच्याकडं बायकांना पगार कमी का, याचा शास्त्रशुद्ध शोध कसा लागला त्याचे. शास्त्र शुद्धच होतं. बाकीचे आम्ही होतो.

*

आधी आमचा ग्रेडिंगचा हॉल डोळ्यांपुढं आणा. एका बाजूला टेबलं, दुसऱ्या बाजूला चटया. टेबलांवर पुरुष, चटयांवर बायका. दोघांपुढं तोच सोललेला काजू आणि तेच काम: अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागी वेगळा. टेबलावर बसणाऱ्याला म्हणत 'ग्रेडर'. चटईवर बसणारीला म्हणत 'निवडणारी'. ग्रेडरला पगार जास्त. का, असं कुणी विचारलं नव्हतं. टेबल उंच असतं आणि चटई खाली असते, हे सगळ्यांना दिसत होतंच.

चटईवरची सगळ्यात जुनी बाई म्हणजे पार्वताक्का. मूळची दिग्गीची, जंगलातली, लग्न होऊन इकडं आलेली. टेबलावरचा प्रत्येक ग्रेडर तिच्या चटईवर बसून काम शिकला होता. शेवटचा यल्लाप्पा. आठवडाभर तिच्या शेजारी मांडी घालून शिकला आणि पुढच्या सोमवारी टेबलावर जाऊन ग्रेडर झाला.

"माझ्या शाळंतली पोरं सगळी पास हुत्यात," पार्वताक्का म्हणायची, "मास्तरीण तेवढी नापास!"

तिच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मागणी एकच. "अण्णा, एक तरी पगार ग्रेडरचा घिऊन घरला जायचं हाय मला. एकच!"

मी तिचा अर्ज दर वर्षी वर पाठवायचो. मॅनेजर शानभागसाहेब त्यावर 'पाहिले' असं लिहून परत पाठवायचे. साहेबांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलं.

*

मग एके दिवशी बाहेरच्या देशातल्या एका खरेदीदाराचा मेल आला. तुमच्याकडं स्त्री-पुरुषांच्या पगारात भेदभाव नाही, असा आकडेवारीसकट अहवाल पाठवा, नाहीतर माल घेणार नाही.

साहेब माझ्याकडं बघून हसले. "आपल्याकडं कसला भेदभाव? महिला दिनाला आपण बायकांना स्टीलचा डबा दिला. पुरुषांना दिला नाही. भेदभाव असलाच तर तो एवढाच!"

मी म्हटलं, "डब्याचं लिहू का अहवालात?"

"आकडे पाहिजेत म्हणतात. आकडे काढणारं कुणीतरी बघा. घरचंच बघा."

घरची म्हणजे शुभदा. नाक्यावर पंक्चरचं दुकान आहे, त्या बाळूमामाची मुलगी. धारवाडला संख्याशास्त्रात एम. एस्सी. करून आली होती आणि नोकरी शोधत होती. साहेबांच्या जीपमध्ये आयुष्यभर हवा भरणाऱ्याची मुलगी आपली हवा काढणार नाही, असा साहेबांचा हिशेब!

पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला काम समजावून सांगितलं. "भेदभाव नाही, हे तुला सिद्ध करायचं आहे."

शुभदा म्हणाली, "आधी बघते साहेब. नसला तर आपोआप सिद्ध होईल."

साहेबांना हे उत्तर आवडलं. नीट ऐकलं असतं तर आवडलं नसतं.

*

साहेब तसे गणितात कच्चे नव्हते. शुभदाच्या आधीच त्यांनी स्वतः सरासरी काढून ठेवली होती. बायकांचा सरासरी पगार पुरुषांच्या अगदी बरोबरीला येत होता! कागद माझ्यापुढं नाचवत म्हणाले, "बघा. उलट दोन रुपये जास्तच."

शुभदानं कागद बघितला. "ह्यात क्वालिटी मॅडम धरल्यात काय?"

क्वालिटी मॅडम पणजीहून आठवड्यातून दोनदा यायच्या, काजू काचेच्या नळीत घालून बघायच्या आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पगार घेऊन परत जायच्या.

"धरल्यात. का? त्या बाई नाहीत?"

"बाईच आहेत. पण एक हत्ती आणि पंचवीस शेळ्या यांचं सरासरी वजन काढलं तर प्रत्येक शेळी रेडकाएवढी होते, साहेब."

मग तिनं चहाच्या सुट्टीत सगळ्यांना अंगणात उभं केलं. बायकांची एक ओळ, पुरुषांची एक ओळ. कमी पगार या टोकाला, जास्त पगार त्या टोकाला. त्या दिवशी मॅडम आलेल्या होत्या, त्याही हौसेनं बायकांच्या ओळीत टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. शुभदा म्हणाली, "आता दोन्ही ओळींतली बरोबर मधली माणसं पुढं या."

पार्वताक्कानं विचारलं, "मधल्यालाच का गे बोलीवतीस?"

"कडेचा माणूस सगळ्या ओळीला ओढतो, अक्का. मधल्याला कुणी हलवू शकत नाही."

पुरुषांतून यल्लाप्पा पुढं आला. अजून नवा कोरा. बायकांतून पार्वताक्काच पुढं आली, केस पिकलेली. दोघांनी आपापला पगार मोठ्यानं सांगितला. यल्लाप्पानं मान खाली घातली.

"लाजू नको रे यल्लू," पार्वताक्का म्हणाली. "तू चांगला शिकलास म्हणून तुला मिळतंय. मी चांगलं शिकीवलं म्हणून बी तुलाच मिळतंय!"

साहेब वरच्या खिडकीतून ओरडले, "फोटो काढू नका कुणी!"

*

पण साहेब हार मानणाऱ्यातले नव्हते. "फरक आहे हे मान्य. पण फरकाला कारणं असतात!"

शुभदाला तेच पाहिजे होतं. तिनं लॅपटॉपवर खण पाडले. प्रत्येक कारणाला एक खण. अनुभव, शिक्षण, हजेरी, दिवसाला किती काजू निवडला. या सगळ्या कारणांचा वाटा बाजूला काढायचा आणि मग काय उरतं ते बघायचं. चटईवरच्या बायकांना हे कसं सांगायचं, असा तिला प्रश्न पडला. मी म्हटलं, "सोपं आहे. दुकानदार तेल मोजताना आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो की नाही? डब्याचं वजन वजा, मग उरतं ते तेल."

"म्हंजे सगळे डबे वजा करून आमच्यात तेल किती कमी घातलंय ते बघालाय व्हय!" पार्वताक्का म्हणाली. संख्याशास्त्राचं एक अख्खं प्रकरण त्या एका वाक्यात संपलं.

धडा केला आणि घोटाळा झाला. अनुभव बायकांचा जास्त, हजेरी बायकांची जास्त, निवडलेला काजू बायकांचा जास्त. ही कारणं वजा केल्यावर फरक कमी व्हायच्याऐवजी वाढला!

साहेब म्हणाले, "सगळी कारणं तू घेतलीच नाहीस. पुरुष पोती उचलतात."

शुभदानं खण वाढवला. पोती हमाल उचलत होते. ग्रेडरनं कधी पोतं उचलल्याची नोंद नव्हती.

"पुरुषांना सायकल येते."

खण वाढवला. काही उपयोग झाला नाही. काजू सायकलवर बसून निवडत नाहीत.

शेवटी साहेबांनी ठेवणीतलं कारण काढलं. "हे जंगलाचं ठिकाण आहे. उद्या कंपाउंडात गवा शिरला तर कोण हाकलणार? बायका?"

मी हळूच खोकलो. कारण गवा शिरून गेला होता. आदल्या वर्षीच. अणशीच्या बाजूनं भटकत आलेला एक दांडगा गवा भर दुपारी काजू वाळवायच्या अंगणात उभा राहिला होता. सगळे ग्रेडर टेबलांवर चढले. टेबल उंच असतं याचा तेवढा एक उपयोग त्या दिवशी झाला. पार्वताक्का मागच्या दारानं बाहेर पडली, लांबून फिरून जाऊन मोठं फाटक सताड उघडलं आणि भिंतीआड उभी राहून शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "जा बाबा आता. हितं पगार लई कमी हाय."

आणि गवा गेला!

शुभदानं प्रामाणिकपणे खण वाढवला: 'गवा हाकलला, होय किंवा नाही.' पुरुषांच्या नावापुढं ओळीनं नाही, नाही, नाही. बायकांत एक होय. साहेबांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "गव्याचा खण काढ. ते शास्त्रीय वाटत नाही."

*

आकड्यांचे आलेख काढताना शुभदाला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. प्रत्येक बाईच्या कामात महिन्यातून एक दिवस खड्डा! रोज बरोबर काम, आणि मधेच एका दिवशी कमी. आज हिचा खड्डा, उद्या तिचा. जणू एकच खड्डा सगळ्यांच्या घरी जेवायला फिरत होता.

ती माझ्याकडं आली. "अण्णा, हा आजार कसला?"

मी म्हटलं, "हा आजार नव्हे. ही चहाची पाळी."

आमच्याकडं पद्धत अशी: रोज एका बाईनं उठून सगळ्या कारखान्याला चहा करायचा. तेवढा वेळ ती चटईवर नसते म्हणून तिच्या हजेरीतून तेवढा वेळ कापायचा. पद्धत कुणी घातली ते ठाऊक नाही. चहा पिणाऱ्यानं घातली असणार.

शुभदा साहेबांकडं गेली. साहेब म्हणाले, "चहा ही सेवा आहे. काम नव्हे."

"आणि पुरुष तो चहा पितात, तो वेळ?"

"ते आपल्या जागेवर असतात. हातात कप आहे म्हणून काय काम थांबतं?"

दारात यल्लाप्पा सही घ्यायला उभा होता. बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "थांबतंय की साहेब!"

*

मग साहेबांनी शेवटचा पत्ता टाकला. "हा योगायोग असेल. नशीब! कुणाला जास्त मिळतं, कुणाला कमी."

शुभदानं हे हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काजूचे दोन रिकामे डबे आणले. एकात हॉलमधल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात त्यांच्या पगारांच्या. "पगार खरोखर नशिबानं वाटला असता, तर फरक किती पडला असता ते बघूया."

हेच काम लॅपटॉप हजारो वेळा करत होताच. पण माणसांचा डब्यावर जेवढा विश्वास असतो तेवढा लॅपटॉपवर नसतो. रोज जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्या निघू लागल्या. काय ती गंमत! चतुर्थीला आरतीला जमत नाहीत एवढी माणसं जमायची. एकदा पार्वताक्काच्या नावावर सगळ्यात मोठा पगार निघाला, तर बायकांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं. यल्लाप्पाच्या नावावर सगळ्यात लहान निघाला. तो घाबरून म्हणाला, "ह्ये खेळातलं हाय न्हवं? घरात कुणी सांगू नकासा!"

दर वेळी थोडाफार फरक पडायचा. कधी या बाजूला, कधी त्या. खऱ्या फरकाच्या जवळपास मात्र एकही जाईना.

शेवटी साहेब स्वतः खाली उतरले, बाह्या सरसावून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. शुभदानं बेरीज केली. फरक आला, आणि चांगला दणदणीत आला! साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बघ! येतो की नाही?"

"आला साहेब," शुभदा म्हणाली. "पण ह्यात बायकांना जास्त आहे."

"हे अशक्य आहे!"

"का?"

"असं कधी झालंय का?"

शुभदानं वही उघडली. "हे वाक्य अहवालात घेऊ का? शेवट कसा करावा ते सुचत नव्हतं मला."

*

अहवाल तयार झाला. साहेबांनी त्यावर 'पाहिले' असं लिहिलं. तिकडं खरेदीदाराचे मेल येत होते, इकडं साहेब 'अभ्यास चालू आहे' असं कळवत होते. पार्वताक्काच्या निवृत्तीला आता चारच महिने उरले. ती अधूनमधून माझ्या खिडकीशी यायची. "अण्णा, अभ्यास झाला काय साहेबांचा? का परीक्षेलाच बसीनात ते?"

त्याच सुमारास यल्लाप्पाच्या टेबलाचा पाय मोडला. टेबल सुताराकडं गेलं. सुतार आमच्याच गावचा, त्यामुळं ते महिनाभर आलं नाही. यल्लाप्पा बिचारा कुठं बसणार? चटईवर येऊन पार्वताक्काच्या शेजारी बसला. तोच काजू, तेच हात, तीच मांडी.

आता आमच्या हजेरीची पद्धत बघा. हॉलचा मुकादम माणसं मोजत नसे, जागा मोजायचा. टेबलांची हजेरी एका कागदावर, चटयांची दुसऱ्या कागदावर. आणि आमचा कॉम्प्युटर मुकादमापेक्षाही सरळ. चटई म्हणजे बाई, बाई म्हणजे निवडणारी, निवडणारी म्हणजे कमी पगार.

पगाराच्या दिवशी यल्लाप्पानं पाकीट उघडलं आणि ऑफिसात अशी बोंब ठोकली की बाहेर टरफलं भरणारे हमाल आत आले!

"मी बाई हाय व्हय? तेवढंच काम केलंय मी! बसायची जागा तेवढी बदलली! ह्यो अन्याय हाय, साहेब! अन्याय!"

साहेबांनी पाकीट बघितलं. "अरे, चूक झाली. अण्णा, ताबडतोब दुरुस्त करा."

चहा येऊन पोचायच्या आत दुरुस्त झालं. फरकाचे पैसे रोख दिले. कोपऱ्यात शुभदा बसली होती. ती एवढंच म्हणाली, "साहेब, हा प्रयोग करू द्या म्हणून मी परवानगी मागितली असती, तर तुम्ही दिली नसती."

त्या दिवशी चहाची पाळी पार्वताक्काची होती. सगळं तिला चुलीशीच ऐकू गेलं होतं. तिनं टेबलावर कप ठेवला आणि ट्रे घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी आली. हातात अर्ज. मी म्हटलं, "अक्का, ग्रेडरचा अर्ज वर आहेच."

"त्यो न्हवं. ह्यो चूक-दुरुस्तीचा हाय. यल्लूचं जसं केलासा तसं माझं बी करा."

"तुझ्यात कसली चूक झाली?"

"तीच. मला बी बाई लिवलंय!"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. तिच्या मागं चटईवरच्या झाडून सगळ्या बायका रांगेत उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात अर्ज आणि तोंडावर पदर. हसू दाबत होत्या.

मी तो गठ्ठा साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी पेन उघडलं. 'पाहिले' लिहायला हात गेला आणि थांबला. "ही चूक नाही असं लिहिलं तर?"

मी म्हटलं, "मग यल्लाप्पाची चूक कशी, ते खाली लिहावं लागेल, साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेरची रांग एकदा शेवटपर्यंत मोजली. मग त्यांनी पेन बंद केलं आणि शुभदाचा अहवाल मागवला. या खेपेला वाचायला.

*

पार्वताक्काच्या शेवटच्या पगाराचा दिवस. हॉलमध्ये सगळ्यांना एकच दर लागला होता आणि वर बायकांना मागच्या काही महिन्यांचा फरकही मिळणार होता. खरेदीदाराला हवा तो अहवाल गेला होता. चहाची पाळी तेवढी 'विचाराधीन' होती. एका दिवसात सगळाच न्याय झाला तर पचत नाही, असं साहेबांचं मत.

बायका ठेवणीतली लुगडी नेसून रांगेत. पार्वताक्का सगळ्यांत पुढं. मी पाकीट दिलं. तिनं पैसे बघितलेच नाहीत. वरची पगारपट्टी काढली, लांब धरली आणि नावापुढचा शब्द रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचला, "ग्रेडर!" मागून टाळ्या! तिनं पट्टी नीट घडी करून कनवटीला लावली आणि बाजूला उभी राहिली. डोळे पुसत होती, पण कुणी विचारलं तर काजूच्या धुराचं सांगायला तयार होती.

एवढ्यात रांगेच्या शेवटाला बघतो तर यल्लाप्पा!

"तुझं काय रे? तुला पगार मिळाला की."

"फरक न्यायला आलोय."

"तुझा फरक तेव्हाच रोख दिला."

"त्यो गडीमाणसाचा दिला तुमी. ह्यो बायकांचा फरक हाय न्हवं? त्या म्हैन्यात मी बाई हुतो. तुमच्याच कागदावर हाय."

साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय वेडेपणा आहे हा? हा बाई होता म्हणून कोण सांगणार?"

"मी सांगते," पार्वताक्का म्हणाली. "म्हैनाभर चटईवर हुता. आमी सगळ्याजणी साक्षीला हाव. यल्लू बाईच हुता!"

सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "व्हय, व्हय!" यल्लाप्पाची छाती फुगली. त्यानं हात पुढं केला.

"थांब गे बाय," पार्वताक्का त्याचा हात धरून म्हणाली. "त्या म्हैन्यातली तुझी चहाची पाळी ऱ्हायल्या."

यल्लाप्पानं माझ्याकडं बघितलं. मी मस्टरकडं बघितलं. मग तो निमूटपणे चुलीकडं गेला. चुलीशी भांडी आपटल्याचे आवाज आले, एकदा 'आयायाया' असं ऐकू आलं, दूध उतू गेल्याचा वास आला. पुष्कळ वेळानं घामाघूम झालेला यल्लाप्पा ट्रे घेऊन आला. पहिला कप पार्वताक्काला, दुसरा साहेबांना.

साहेबांनी घोट घेतला, सवयीनं घड्याळ बघितलं आणि मुकादमाला म्हणाले, "याचा एवढा वेळ हजेरीतून कापा."

यल्लाप्पानं ट्रे दाणकन टेबलावर ठेवला.

"का म्हणून? काम करत हुतो न्हवं मी?"